वाळलेल्या पेस्टचा सांधा

प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसणे हे काम नाजूक मानले जाते, आणि ते आहेही. पण नाजूकपणा नेमका कुठे आहे याबद्दल मोठा गैरसमज आहे. लोक घाबरतात ते पुसायला. चिपेवर ओला बोळा फिरवायचा या कल्पनेनेच हात थांबतो. वास्तविक पुसणे हा या कामातला सर्वांत निर्धोक भाग आहे. धोका आहे तो पुसण्याच्या आधी, हीटसिंक ओढून काढण्यात, आणि पुसताना घाई झाली की नखाने, पात्याने, सुरीने खरवडण्यात. म्हणजे धोका बळात आहे. पेस्ट ही प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला एक सांधा आहे. तो विनाकारण उघडू नये, उघडायचा तर बळाने उघडू नये, आणि एकदा उघडला की जुना माल तिथे कणभरही ठेवू नये. सुरक्षिततेचे बाकीचे सगळे नियम या तीन गोष्टींतून निघतात, आणि ते तसे का निघतात हे कळले तर नियम पाठ करावे लागत नाहीत.

धारवाडच्या सप्तापुरात या माहितीला विशेष अर्थ आहे. कर्नाटक कॉलेज आणि कर्नाटक विद्यापीठ यांच्या शेजारची ही वस्ती स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या, अभ्यासिका आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांनी भरलेली आहे. अशा खोलीतला संगणक बहुधा थोरल्या भावाचा किंवा दुसऱ्याकडून घेतलेला असतो, आणि त्याच्यावर ऑनलाइन वर्ग आणि सराव चाचण्या तासन्‌तास चालतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, २०१७ च्या आधीची असंख्य यंत्रे त्या दिवशी कागदोपत्री म्हातारी झाली, पण ती चालत आहेत, आणि लिनक्स टाकून आणखी काही वर्षे चालतील. अशा यंत्रांपैकी अनेकांत कारखान्यात लावलेली पेस्ट अजून तशीच आहे. ज्याच्या हातात नवे यंत्र घेण्याचे पैसे नाहीत त्याने जुने यंत्र नीट ठेवणे ही चैन नव्हे, गरज आहे. आणि चुकीच्या पुसण्यात प्रोसेसर गमावणे त्यालाच सर्वांत महागात पडते.

मुळात पेस्ट लागते कशाला? प्रोसेसरच्या वरचे धातूचे झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना सपाट दिसतात, पण दोन्हींवर सूक्ष्म चढउतार असतात. ते एकमेकांवर टेकले तरी खरा स्पर्श थोड्याच ठिकाणी होतो आणि उरलेल्या फटींत हवा राहते. हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे: तिची वाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, तर तांब्याची सुमारे ४००. साधी पेस्ट या मोजणीत चार-पाचच्या आसपास येते. हिशोब करून पाहू. ३ सेंटिमीटर लांब-रुंद झाकण, ६५ वॅट उष्णता आणि ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर धरला, तर अशा पेस्टच्या थरापायी तापमानात पडणारा फरक एका अंशाहून कमी येतो. त्याच जागी तेवढ्याच जाडीची नुसती हवा असती तर हा फरक सुमारे १३९ अंश आला असता. प्रत्यक्षात धातू काही ठिकाणी धातूला टेकतोच, आणि उष्णता झाकणभर सारखी न पसरता मधल्या चिपेवर एकवटते, म्हणून हे आकडे जसेच्या तसे मोजायला मिळणार नाहीत. पण प्रमाण लक्षात येते. पेस्टचे काम तांब्याशी स्पर्धा करण्याचे नाही, हवा हटवण्याचे आहे.

यावरूनच जुन्या पेस्टवर नवी का लावू नये याचे उत्तर मिळते. ‘थोडी वाळली आहे, वरून ताजी दिली की झाले’ हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. पेस्ट म्हणजे बहुधा सिलिकोन तेलात मिसळलेली झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिशय बारीक पूड. यंत्र तापते-निवते तसे दोन्ही धातू किंचित फुगतात-आकसतात आणि पेस्ट हळूहळू कडांकडे ढकलली जाते. तेलही पुडीपासून सुटत जाते. मागे उरतो तो भेगाळलेला, कोरडा थर. जोवर तो दाबाखाली आहे तोवर बरेचदा काम करत राहतो, पण हीटसिंक उचलताक्षणी त्याचे तुकडे होतात: काही वर चिकटतात, काही खाली. पोपडे आलेल्या भिंतीवर नवा रंग दिला तर तो पोपड्यांवर बसतो, भिंतीवर नाही. इथेही तेच होते. वाळलेल्या गुठळ्या दोन्ही धातूंना एकमेकांपासून दूर धरतात. थराची जाडी ०.३ मिलिमीटर झाली आणि वाहकता एकपर्यंत उतरली, तर वरच्याच हिशोबाने फरक सुमारे २२ अंशांवर जातो. म्हणजे ताजी पेस्ट लावूनही यंत्र आधीपेक्षा जास्त तापू शकते. उघडलेला सांधा पूर्वीसारखा पुन्हा मिटत नाही. तो नव्यानेच बांधावा लागतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘कसा पुसायचा’ हा नसून ‘उघडायचाच का’ हा आहे. दरवर्षी पेस्ट बदलावी असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला मान्य नाही. प्रत्येक उघडणीत थोडा धोका आहे, आणि तापण्याचे कारण पुष्कळदा पेस्ट नसते, धूळ असते. धारवाड मलनाड आणि पठार यांच्या सीमेवर आहे. उन्हाळ्यात उघड्या खिडक्यांतून धूळ येते, पावसाळ्यात दमट हवा तिला हीटसिंकच्या पात्यांमध्ये घट्ट बसवते. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे हवाही किनाऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्के विरळ. फरक लहान, पण पंख्याच्या विरोधातलाच. हे सगळे पेस्टच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. दोन्ही कारणे वेगळी ओळखता येतात. जड काम सुरू करताच काही सेकंदांत तापमान नव्वदीच्या पुढे उडी घेत असेल, काम थांबवताच तितक्याच झटक्याने उतरत असेल, आणि त्या वेळी हीटसिंकमधून बाहेर येणारी हवा कोमटच असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. सांधा गेला आहे. उलट तापमान मिनिटामिनिटाने चढत असेल आणि हीटसिंकही चांगला तापलेला असेल, तर उष्णता तिथवर आली आहे, पण हवा तिला वाहून नेत नाही. अशा वेळी सांध्याला हात लावायचे कारण नाही. पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढली की पुरे. शिवाय नुसता आकडा पाहून निर्णय करू नये. एप्रिलमध्ये खोली ३६ अंशांवर असते, जानेवारीच्या पहाटे तीच विशीच्या खाली येते. प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचे तापमान वजा करूनच दोन दिवसांची तुलना करावी.

‘पण थांबलो आणि तो जळाला तर?’ ही भीती जुन्या काळातली आहे आणि त्या काळात ती खरी होती. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू संगणकाचा हीटसिंक काढून घेण्याची चाचणी चित्रित केली होती. त्यात एएमडीचे त्या वेळचे ॲथलॉन काही क्षणांत जळाले, इंटेलचा पेंटियम ४ मात्र स्वतःचा वेग कमी करून चालत राहिला. आजच्या प्रोसेसरमध्ये असे संरक्षण असतेच. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर वेग उतरतो आणि त्याही पुढे गेले तर यंत्र बंद होते. म्हणजे वाळलेली पेस्ट आधी तुमचा वेळ खाते, प्रोसेसर नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री घाईने कॅबिनेट उघडण्याची काहीच गरज नाही. रविवारच्या उजेडात, सगळे सामान जमवून हे काम करता येते.

आता उघडणे. सर्वांत जास्त नुकसान इथे होते, आणि कोणत्या घराण्याचा प्रोसेसर आहे यावर ते कसे होते हे ठरते. इंटेलने २००४ पासून डेस्कटॉप प्रोसेसरच्या पिना मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये नेल्या. प्रोसेसरच्या पोटाला फक्त सपाट टिकल्या असतात आणि वरून धातूची चौकट लिव्हरने त्याला दाबून धरते. हीटसिंक काढला तरी प्रोसेसर जागचा हलत नाही. अशा यंत्रात लिव्हर उघडायचीच नाही. प्रोसेसर सॉकेटमध्ये बंद असतानाच त्याचे झाकण पुसायचे. बाहेर काढून निवांत पुसावा असे वाटते, पण त्या सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक शेकडो, बहुधा हजारभराहून अधिक, पिना उघड्या पडतात, आणि पेस्टचा एक थेंब किंवा कापडाचा धागा त्यात अडकला की मदरबोर्ड गमावण्याची वेळ येते. एएमडीची गोष्ट निराळी. २०१६ मध्ये आलेल्या आणि आजही अनेक घरांत असलेल्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला १३३१ पिना स्वतःच्याच पोटाला असतात आणि वरून चौकट नसते. वाळलेली पेस्ट हीटसिंकला इतकी धरते की सरळ वर ओढले तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, आणि येताना पिना वाकतात. २०२२ च्या एएम५ मध्ये एएमडीनेही पिना सॉकेटमध्ये नेल्या. पण वस्तीत फिरणारी जुनी यंत्रे त्याआधीची आहेत.

उपाय साधा आहे: पेस्टला आधी मऊ करायचे. यंत्र पाच-दहा मिनिटे व्हिडिओसारख्या मध्यम कामाला लावावे, मग बंद करून लगेच उघडावे. पंख्याची वायर काढावी, स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे सैल करावेत, आणि हीटसिंक वर न ओढता उभ्या अक्षाभोवती अगदी थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवावा. उष्ण पेस्ट ओढण्याला जितका विरोध करते त्याहून बराच कमी अशा घसरण्याला करते, म्हणून सांधा फिरवण्याने सुटतो. न सुटला तर पुन्हा जोडून पुन्हा तापवावा. मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. तो मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषा तोडतो, आणि ती जखम घरी भरून येत नाही. यंत्र बंद करणे म्हणजे भिंतीतला प्लग काढणे. जुन्या घरांतल्या वायरिंगमध्ये बटण बंद केल्यावरही जिवंत तार तुटलेलीच असेल याची खात्री नसते. प्लग काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युत्‌भार संपतो. अर्थिंगसाठी प्लग लावूनच ठेवावा असे काही जण सांगतात. पण स्थिर विजेपासून वाचण्यासाठी महत्त्वाचे आहे ते तुमचे शरीर आणि यंत्र यांच्यातला विद्युत्‌दाबाचा फरक मिटणे; तो कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला हात लावल्याने मिटतो. जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत, सिंथेटिक कपडे घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्याने हे दर थोड्या वेळाने करावे. आपल्याला चटका जाणवतो तो काही हजार व्होल्टना. चिपेचे नुकसान त्याहून बरेच कमी व्होल्टना होऊ शकते.

पुसण्यासाठी हवे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाल्यांच्या बोलीत ‘आयपीए’. शक्यतो ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे. ते पेस्टमधले तेल सैल करते, धातूला आणि बोर्डला त्रास देत नाही आणि मागे काही न ठेवता उडून जाते. इथे एक रास्त प्रश्न येतो: कोविडपासून घरोघरी सॅनिटायझरची बाटली आहे, तेही अल्कोहोलच, मग ते का नको? कारण सॅनिटायझर हातांसाठी बनलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल असते, आणि ते मुद्दामच घातलेले असते, त्वचा कोरडी पडू नये म्हणून. अल्कोहोल उडते, ग्लिसरॉल उडत नाही. ज्या पृष्ठभागावरून तेल काढायचे त्याच्यावरच एक नवा चिकट पापुद्रा बसतो. जेल प्रकारच्या बाटलीत घट्टपणा आणणारे पदार्थ आणखी असतात. नखांच्या पॉलिशचा रिमूव्हर, थिनर आणि पेट्रोल यांचे दोष वेगळे आहेत: रिमूव्हरमधले ॲसिटोन काही प्रकारच्या प्लास्टिकला विरघळवू शकते, आणि पेट्रोल घरात उघडणे हाच अपघात आहे. रॉकेल किंवा गंज सोडवणारे फवारे तेल काढण्याऐवजी तेल ठेवतात. ७० टक्क्यांचे साधे आयसोप्रोपिल, ज्यात पाण्याशिवाय दुसरे काही नाही, ते मात्र अडल्या वेळी चालेल. फक्त वाळायला जास्त वेळ द्यावा लागेल. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटच्या बाटलीवरचा मजकूर वाचूनच ठरवावे.

या द्रवाबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ज्वलनबिंदू सुमारे १२ अंश आहे, म्हणजे त्याहून वरच्या कोणत्याही तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. धारवाडात हिवाळ्यातली पहाटही सहसा याहून उबदार असते. ही वाफ हवेपेक्षा दुपटीने जड असते आणि जमिनीलगत साचते. विद्यार्थ्याच्या एकाच खोलीत जमिनीवरच संगणक उघडला जातो, जमिनीवरच शेगडी असते आणि कोपऱ्यात निरांजन लावलेले असते. म्हणून खिडकी उघडी, आग विझलेली, बाटलीचे झाकण लावलेले; द्रव कापडावर काही थेंब घ्यायचा, यंत्रावर ओतायचा नाही. वापरलेली कापडे कचऱ्यात टाकण्याआधी बाहेर वाळू द्यावीत.

प्रत्यक्ष पुसण्याची कृती थोडक्यात सांगता येते. सुटलेला माल आधी कोरड्या कापडाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने हलकेच उचलावा. मग ओले कापड वाळलेल्या थरावर मिनिटभर नुसते ठेवावे. हे मिनिट कोणालाच द्यावेसे वाटत नाही आणि सगळे खरवडणे त्या अधीरतेतूनच येते. नंतर कडेकडून मध्याकडे पुसावे, म्हणजे माल बाहेर मदरबोर्डवर जात नाही. दर वेळी कापडाची स्वच्छ घडी वापरावी, आणि कापडाला राखाडी डाग लागेनासा झाला की थांबावे. कापसाचे तंतू मागे राहतात, म्हणून चष्म्याचे कापड किंवा बारीक विणीचे धुतलेले सुती कापड बरे, कानाकोपऱ्यासाठी इअरबड. हीटसिंकचा तळही तितक्याच काळजीने पुसावा. तो तांब्याचा असेल तर काळसर दिसेल, आणि भांडी उजळायची पावडर किंवा चिंच लावण्याचा मोह होईल. तो आवरावा. तो काळपटपणा इतका पातळ असतो की उष्णतेच्या हिशोबात मोजला जात नाही. पावडरीचे ओरखडे आणि चिंचेच्या आम्लाचे अवशेष मात्र राहतात. झाकणावरचा निकेलचा मुलामाही घासण्यासाठी नाही. आपल्याला स्वच्छ पृष्ठभाग हवा आहे, चकचकीत नव्हे. पुसून झाल्यावर बोट लावू नये. बोटाचा ठसा म्हणजे पुन्हा तेलच.

लॅपटॉपमध्ये हेच सगळे अधिक जपून करावे लागते, कारण तिथे धातूचे झाकण नसते; सिलिकॉनची चिप उघडी असते. डेस्कटॉपवरही एकेकाळी तसेच होते आणि ॲथलॉनचे कोपरे हीटसिंक तिरका बसल्याने तुटत. म्हणून लॅपटॉपच्या हीटसिंकवर कोरलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने स्क्रू सैल करावेत आणि चिपेच्या कोपऱ्यांवर दाब देऊ नये. आसपासच्या चिपांवरचे मऊ पॅड अल्कोहोलने पुसू नयेत. त्यांची जाडी मोजूनमापून ठरवलेली असते. आणि पेस्टच्या जागी चांदीसारखा चमकणारा, पाऱ्यासारखा पळणारा द्रव दिसला तर हात मागे घ्यावा. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये गॅलियमचा असा मिश्रधातू वापरला आहे. तो वीज वाहून नेतो आणि ॲल्युमिनियमला पोखरतो. त्याचा ओघळलेला थेंब बोर्डवर शॉर्ट करू शकतो. हे काम माहीतगार दुकानदाराचे.

मग सगळेच दुकानदाराकडे का देऊ नये? द्यावेही; ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याचे यंत्र वॉरंटीत आहे त्याने तर द्यावेच. पण देतानाही काय विचारायचे हे माहीत असले तर फरक पडतो: जुनी पेस्ट कशाने पुसणार, हीटसिंक तापवून काढणार का, धूळ आधी पाहिली का. घरी केले असेल तर ताजी पेस्ट मध्यावर मटारच्या दाण्याहून लहान इतकीच ठेवावी, हीटसिंक सरळ खाली टेकवावा आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. पंख्याची वायर पुन्हा जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नये. उघडण्यापूर्वी जे काम लावून तापमान पाहिले होते तेच काम पुन्हा लावावे, खोलीचे तापमान वजा करावे, आणि दोन्ही आकडे तारखेसह कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. फरक दहा-पंधरा अंशांनी कमी झाला तर सांधाच गेलेला होता. काहीच बदलले नाही तर कारण पंख्यात, धुळीत किंवा कॅबिनेट भिंतीला लावून ठेवण्यात आहे, आणि ते तिथेच शोधायचे. सांधा पुन्हा उघडायचा नाही.